रोज सकाळी विसरणारा प्रिंटर

आमच्या विहाराच्या खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये चोरीचं काहीही नाही. हे मी अभिमानानं सांगत नाहीये, वैतागून सांगते आहे. अमरावतीत आजवर ज्या ज्या संघटनेच्या कार्यालयात बसले, तिथं फुकटात उतरवलेली विंडोज होती आणि तिच्यावर बसूनच आम्ही लुटारू कंपन्यांविरुद्ध पत्रकं टाइप करायचो. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. पण विहारात काका होते.

विहाराची किल्ली काकांकडे असते. वीज मंडळात लाइनमन होते, आता निवृत्त. सकाळी येऊन विहार उघडायचा, झाडायचा, मेणबत्ती लावायची आणि संध्याकाळची वंदना झाली की सगळ्यांच्या शेवटी निघायचं, हा त्यांचा दिवस. खाली अभ्यासिका सुरू करायचं ठरलं तेव्हा एका वकिलानं आपला जुना कॉम्प्युटर दिला. ओळखीचा दुकानदार त्यात विंडोज टाकायला आला. काका पायरीवर बसले होते.

"हे इकत घेतलं काय?"

दुकानदार हसला. "कोण इकत घेते काका?"

"मंग नाही पायजे. वर बसून आमी रोज पंचशीलात म्हणतो का न देल्लेलं घेनार नाही, अन् खाली पोट्टे चोरीच्या मालावर अभ्यास करतीन काय?"

वाद संपला. इंजिनीअरिंग केलेल्या एका मैत्रिणीनं लिनक्स टाकून दिलं. फुकट आणि हक्काचं, कुणाचं चोरलेलं नाही. टाकून दिलं आणि ती नोकरीला पुण्याला निघून गेली. मागं राहिलो मी, काका आणि पडद्यावरचा एक निळा डोंगर.

मग त्याच वकिलानं जुना लेझर प्रिंटरही दिला आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

प्रिंटरची गरज कुणाला होती ते सांगते. अभ्यासिकेत चांदूर बाजारची एक मुलगी यायची. मामाकडे राहून लिपिकाच्या परीक्षेची तयारी करत होती. तिची नजर जन्मापासून अधू. आंधळी म्हटलं तर तिला राग येतो, आणि यावाच. तिला दिसतं. अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं हवं, कागदावर हवं आणि कागद नाकाशी हवा. मोबाइलच्या, कॉम्प्युटरच्या उजेडाकडं पाहिलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं. बाजारातली पुस्तकं म्हणजे तिच्यासाठी मुंग्यांची रांग. झेरॉक्सवाले मोठं करून द्यायचे त्यात एकतर उजवीकडचे शब्द कापलेले असायचे, नाहीतर सगळं काळं. आधीच्या एका परीक्षेला ती बसली होती, नुसतं ऐकून केलेल्या अभ्यासावर. कुणी वाचून दाखवायचं, ही ऐकायची. नापास झाली. "ऐकलेलं सगळं पाठ होतं," ती म्हणाली, "पण पाठ असनं अन् समजनं एक नाही ना ताई." यावेळी तिला स्वतः वाचून बसायचं होतं.

प्रश्नसंच कॉम्प्युटरवर होते. अक्षर हवं तेवढं मोठं करता येत होतं. खाली शाईनं भरलेला प्रिंटर होता. दोघांच्या मध्ये एकच वस्तू हवी होती, जिला ड्रायव्हर म्हणतात. कॉम्प्युटरनं प्रिंटरशी कसं बोलायचं ते सांगणारा प्रोग्रॅम. बास.

कंपनीच्या वेबसाइटवर गेले. कुठली सिस्टीम, म्हणून विचारलं. लिनक्स निवडलं. उत्तर आलं, या उत्पादनासाठी उपलब्ध नाही. म्हणजे वस्तू विकून पैसे घेतले, आणि ती आम्ही कशासोबत वापरायची हेही तेच ठरवणार! मी बसल्या जागी कंपनीला निवेदन लिहिलं. विषय, संदर्भ, मागण्या, खाली "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." जे येतं ते लिहिलं. ईमेलच्या खाली नाव टाकताना मुलगी बाजूला होती. "ताई, ते लोकं कुठचे हायेत?" माहीत नव्हतं. "मंग आंदोलन कुठी करसान?" उलट टपाली कंपनीचं आभाराचं पत्र आलं. यंत्रानंच पाठवलेलं होतं.

मग शोधता शोधता कळलं की या जातीच्या प्रिंटरसाठी काही परक्या माणसांनी आपल्या फावल्या वेळात ड्रायव्हर लिहून ठेवलाय आणि सगळ्यांना वाटून टाकलाय. कोण, कुठली, कधी भेटणार नाहीत अशी माणसं. आमच्या चळवळीतल्या किती जणांना हे जमेल, असा प्रश्न मला पडला. तो इथं मांडून ठेवते, उत्तर देत नाही.

तो ड्रायव्हर बसवायला काळ्या खिडकीत हुकूम टाइप करावे लागतात. पहिल्याच हुकमाला उत्तर आलं, परवानगी नाकारली. आमच्याच विहारात, आमच्याच कॉम्प्युटरवर, मलाच! मैत्रिणीला पुण्याला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, ओरडू नको. हुकमाच्या आधी एक शब्द लिहायचा असतो, मग तो मालक म्हणून ऐकतो." लिहिला. मग एक अवजार कमी निघालं, ते उतरवलं. मग दुसरं. शेवटी सूचना आली, प्रिंटरची वायर काढा, ड्रायव्हर बसवा, वायर परत लावा. तसं केलं. प्रिंटर घरघरला, दिवा लुकलुकला आणि कागद बाहेर आला.

तिनं तो उचलून खिडकीपाशी नेला, नाकाला लावला आणि डावीकडून उजवीकडं मान फिरवत वाचायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एका पानावर जेमतेम दोन प्रश्न बसले होते. ते वाचून तिनं हात पुढं केला. "दुसरं द्या."

त्या दिवशी कागद संपेपर्यंत छापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर मेला. मेला म्हणजे दिवा हिरवा, सगळं ठीक. कॉम्प्युटर सांगतो, काम पूर्ण झालं. आणि कागद जागचा हलत नाही. खोटं बोलणारी सरकारी खाती मी पाहिलीत, पण इतक्या शांतपणे खोटं बोलणारं यंत्र पहिल्यांदा पाहिलं. मी ड्रायव्हर काढून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून बसवला. चालला. संध्याकाळपर्यंत झकास. पुढच्या सकाळी परत तेच.

असं रोजच व्हायला लागलं. सकाळी ती यायची, मी यायचे, मी काळी खिडकी उघडून ड्रायव्हर बसवायचे, मग तिचा दिवस सुरू व्हायचा. मी मोर्शीला किंवा कुठं बैठकीला गेले की तिचा दिवस सुरूच व्हायचा नाही. रात्रीतून कोणीतरी ड्रायव्हर पुसतंय, असा माझा पक्का समज झाला. विहाराच्या कमिटीत माझ्यावर खार खाऊन असलेले दोघंतिघं होतेच, त्यांच्यावर संशय घेऊन झाला. एकाला तोंडावर विचारलंही. तो म्हणाला, "बाई, मले माह्या मोबाइलचा आवाज बंद करता येत नाही." ते खरंच होतं.

मग मी त्या परक्या माणसांच्या इंटरनेटवरच्या मंचावर लिहिलं, जिथं ड्रायव्हरच्या तक्रारी टाकतात. माझं इंग्रजीही पत्रकाचंच आहे. लिहिलं की तुमचा ड्रायव्हर रोज रात्री पळून जातो आणि यात एका विद्यार्थिनीचं आयुष्य पणाला लागलंय. कुठल्या देशातला कोण जाणे, एक माणूस फार सभ्यपणे उत्तरला. त्यानं एवढंच विचारलं, तुमच्याकडं रात्री वीज जाते का?

मी पेटले. भारत म्हटलं की यांना अंधार दिसतो, वऱ्हाड तर यांना माहीतही नाही! त्याला ठणकावून उत्तर दिलं, आमच्या शहरात रात्री वीज जात नाही, कृपया तुमचे पूर्वग्रह बाजूला ठेवून मुद्द्याचं बोला. त्यानं पुन्हा काही लिहिलं नाही. मला वाटलं, गप्प केला.

त्याच सुमारास संघटनेच्या कामानं अकोल्याला गेले. जठारपेठेत माझ्या मावसभावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला सगळं सांगितलं. तो एका मदरबोर्डवर फुंकर मारत होता. मान वर न करता म्हणाला, "लिनक्स कोणं सांगतलं तुले? तुमी लोकं जेवाले बसाच्या आंधी बी ठराव घेत असान."

"भाऊ, उपाय सांग."

"उपाय काय? विंडोज टाक. याची सीडी माह्याकडं हाय. चहा पिऊन होईस्तोवर प्रिंटर चालू."

"चोरीची?"

"मंग काय सरकारनं फुकट वाटेल हाय काय?"

सीडीवरचं सगळं त्यानं पेनड्राइव्हवर भरून दिलं. बसमध्ये मी ती पर्समध्ये घट्ट धरून बसले. मनाशी वाद तयार होता. विहारात पोचले तेव्हा काका वंदनेआधीची झाडझूड करत होते. मी उभ्या उभ्याच सुरू केलं.

"काका, ही कंपनीच चोर आहे. वस्तू विकते अन् किल्ली स्वतःपाशी ठेवते."

"मंग थे चोर. आपन काहून व्हाचं?"

"अन् त्या पोरीच्या डोळ्यांचं काय?"

काका झाडू टेकवून उभे राहिले. मला वाटलं, जिंकले. मग म्हणाले, "मी वाचून दाखवतो ना तिले."

आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून ज्या सकाळी मी नसायचे त्या सकाळी काका चष्मा लावून, बाजारातला बारीक अक्षरांचा प्रश्नसंच हातात धरून तिच्यासमोर बसायला लागले. एकदा मी लवकर आले तर दारातच थबकले. काका गाथा म्हणावी तसं वाचत होते, प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज लांबवून. मध्येच थांबले. "खालीलपैकी कोणतं धरण... पर्याय क. हे त होऊच शकत नाही पोरी. म्या तथी पोल उभे केले हायेत."

"काका, पर्याय ड वाचा ना."

"ड बी नाही. थे लय दूर हाय."

"काका, तुमी उत्तर नका सांगू!"

"बरं बरं. पर्याय ड," असं म्हणून त्यांनी ड अशा तिरस्कारानं वाचला की कुणालाही उत्तर कळावं.

ती हसत होती. बाहेर आल्यावर मात्र माझ्यापाशी म्हणाली, "काका जीव लावून वाचतात वं ताई. पण दुसऱ्याच्या तोंडून अभ्यास केला का दुसऱ्याच्या दमानं करा लागते. मले एक ओळ पाच डाव पाहाची असली त त्याइले पाच डाव कसं सांगू? तिसऱ्या डावाले मलेच लाज वाटते. मंग समजलं म्हणतो अन् पुढं जातो."

माझी पर्स तिथंच टेबलावर होती, पेनड्राइव्ह आत. काका वर मेणबत्ती लावायला गेले होते. त्यांना कळलंही नसतं. मी कॉम्प्युटर सुरू करून बसले. पडद्यावर निळा डोंगर आला. चोरीबद्दल मला आजही काकांएवढं वाटत नाही, हे स्पष्ट सांगते. पण त्या माणसानं चष्मा पुसून पुसून सकाळभर धरणं आणि नद्या वाचल्या होत्या. त्याच्या पाठीमागं हे करणं जमेना. बंद करून उठले.

मग पौर्णिमा आली. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू होता, एक भंतेजी आले होते. रात्री ग्रंथवाचन झालं आणि भंतेजी विहारातच मुक्कामाला राहिले. सकाळी मी खाली गेले तर ती माझ्याआधी आली होती, आणि तिच्या हातात छापलेली पानं होती.

"तू ड्रायव्हर बसवला?"

"मी? मले येते काय? तुमी काल कॉम्प्युटर चालूच सोडून गेल्ता. म्या नुसतं प्रिंट दाबलं. निंघालं."

मी खुर्चीत बसले. एक रात्र कोणी ड्रायव्हर पुसला नाही. त्या एका रात्रीत वेगळं काय होतं? भंतेजी होते. भंतेजी होते म्हणून वर पंखा होता. पंखा होता म्हणून काकांनी...

काका रोज संध्याकाळी निघताना विहाराचा मेन स्विच खाली ओढतात. मी येण्याच्या आधीपासून ओढतात. कुलूप लावण्याइतकीच ती सवय, कुणाच्या लक्षातही येत नाही. सकाळी मेन वर केला की प्रिंटर लगेच जागा होतो, त्याचं बटण चालूच असतं. कॉम्प्युटर मात्र मी आल्यावर सुरू व्हायचा.

मी प्रिंटरचा प्लग काढला. तिनं प्रिंट दाबलं, अर्थात काही निघालं नाही. कॉम्प्युटर चालूच ठेवून प्लग परत लावला. घरघर, लुकलुक, कागद. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मग कॉम्प्युटर बंद केला, प्रिंटरचा प्लग काढून परत लावला आणि त्यानंतर कॉम्प्युटर नव्यानं सुरू केला. हिरवा दिवा, काम पूर्ण, कागद नाही.

ड्रायव्हर कधी गेलाच नव्हता. मी इतके दिवस तो उगाच काढून बसवत होते. चालायचं ते बसवण्यामुळं नाही, बसवताना वायर काढून परत लावायचे म्हणून. मंचावर त्या सभ्य माणसाला लिहिलं, की वीज जात नाही, आम्हीच रोज घालवतो. त्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. हसण्याचं चिन्ह, आणि खाली समजावून सांगितलेलं. या प्रिंटरला स्वतःची स्मरणशक्ती नाही, वीज तुटली की त्याला स्वतःचं कामही आठवत नाही. दरवेळी जागा झाला की कॉम्प्युटरनं त्याला सगळं नव्यानं सांगावं लागतं. कॉम्प्युटर आधी जागा हवा, ऐकणारा नंतर. पैसे वाचवायला कंपनीनं यंत्रात स्मरणशक्ती घातली नाही. यावर मी स्वतंत्रपणे लिहिणार आहे, ते जाऊ दे. पूर्वग्रहाचं त्यानं काही काढलं नाही. त्याला वीज गेली का विचारायचं होतं, आणि आमच्या डोक्यात वीज जाणं वेगळं, मेन बंद करणं वेगळं. अमरावतीतल्या कुठल्याही घरी विचारा, हेच सांगतील.

संध्याकाळी काका मेनकडं निघाले तशी मी आडवी गेले.

"काका, आजपासून मेन बंद करायचा नाही."

"काहून?"

सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. "बंद त होईन."

"काका, अभ्यासाचा प्रश्न आहे. मी कमिटीपुढं विषय मांडीन. सह्या घेईन."

"घे न. हजार घे. घरात मानूस नाही त करंट कायले पायजे? अन् ह्या विहाराची वायरिंग कोणं केली, माईत हाय काय तुले?"

"कोणी?"

"म्याच. लोकाइनं देल्ले तुकडे जोडू जोडू. कुठी कसा जोड हाय थे मले माईत हाय. म्हणून त बंद करून जातो."

माझ्याकडं मुद्दे होते, पण ते सगळे चांगल्या वायरिंगच्या घरातले होते. ती मुलगी भिंतीला टेकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग म्हणाली, "काका, तुमी मेन बंद करा. रोज करा. सकाळी फक्त प्रिंटरले आमच्या आंधी उठू नका देऊ."

काकांनी तिच्याकडं पाहिलं, मग प्रिंटरकडं. "म्हंजे याले रोज सकाळी पयलेपासून शिकवा लागते?"

"हो."

"असा एक हेल्पर होता आमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून लाकडी बोर्ड आणला. प्रिंटरची लाइन वेगळी काढली, तिला स्वतंत्र बटण बसवलं, आणि बटण लावलं ते तिच्या खुर्चीच्या हाताशी. पहिल्या दिवशी स्वतः उभे राहून शिकवलं, जणू खांबावर चढवताहेत. "आंधी कॉम्प्युटर. थो डोंगर दिसू दे. डोंगर दिसल्याबिगर हात लावाचा नाही. आता दाब." घरघर ऐकून मान डोलावली आणि झाडायला निघून गेले. वाचून दाखवणं त्यांनी त्या दिवसापासून थांबवलं. नुसतं मध्ये येऊन विचारायचे, "त्या धरणाचं काय निंघालं?" धरण पर्याय क होतं. ते त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

पेनड्राइव्ह मी पुसून टाकली आणि त्या मुलीचे प्रश्नसंच तिच्यात भरले.

परीक्षेचं केंद्र अकोल्याला आलं. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका हवी असं तिनं अर्जात कळवलं होतं आणि मिळेल असं उत्तरही आलं होतं, पण असली उत्तरं मी खूप पाहिलीत. भांडायच्या तयारीनंच सोबत गेले. केंद्राच्या फाटकाशी उभी राहिले, कुणाशी बोलायचं, कुठल्या नियमाचं नाव घ्यायचं, सगळं डोक्यात मांडून. ती आत गेली. आत काय मिळालं ते कळायला मार्ग नव्हता. बाहेर चहाच्या टपरीपाशी बसून राहिले. इतर मुलांचे पालक घड्याळ पाहत होते, मीही पाहत होते.

ती सगळ्यात शेवटी बाहेर आली. पायरीच्या काठावरून पाय चाचपत, नेहमीसारखी, घाई न करता. मी पुढं धावले.

"मोठ्या अक्षराचा पेपर दिला?"

"देल्ला."

एवढ्या तयारीनंतर भांडायला काहीच उरलं नाही. क्षणभर मला चक्क चुकल्यासारखं झालं.

"कसा गेला?"

"पूरा वाचला," ती म्हणाली.

"अगं, सोडवला कसा ते विचारते."

"थे निकालात कळन. काही येत होते, काही नाही." टपरीवाल्याच्या बाकावर ती टेकली आणि डोळे मिटून घेतले. खूप वाचलं की ते दुखतात. "पयल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, म्या वाचला. एक प्रश्न त मी पाच डाव वाचला ताई. कोणालेच काही सांगा लागलं नाही."

मी दोन चहा सांगितले. निकाल अजून लागायचा आहे.